पहिले वाक्य मंजूर

घरात चार माणसे बसतील, त्यांतले दोन विनोदवीर बोलतील, एक रेकॉर्डर ऐकेल आणि चहा दोनदा होईल, एवढाच मूळ बेत होता. बेत मापाड्याने आखला होता, आणि आजवर त्याने आखलेल्या एकाही प्रयोगात चहाच्या फेऱ्यांपलीकडे काही चुकले नव्हते.

मापाडी हे त्याचे खरे नाव नव्हे. ते त्याला थोरल्या भावाने चिकटवले आणि इतके घट्ट बसले की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनीही तेच वापरले. आवाज मोजण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याची सारी नोकरी गेली. कारखान्यांतली यंत्रे, इस्पितळांतले पंप, रुळांलगतच्या शयनगृहांच्या भिंती, सगळ्यांचे त्याने शांतपणे ऐकून घेतले होते. आवाज फार मोठा आहे असे कुणी म्हणाले, की तो 'किती?' असे विचारी आणि उत्तर आले नाही तर विषय संपला असे मानी. समारंभांत त्याच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी राही, याला एवढेच कारण पुरेसे होते.

थोरला याच्या अगदी उलट. त्याचे पोट आवाजावरच चालत आले होते आणि आता तोच आवाज जायचा होता. घशातली गाठ साधी नाही, स्वरयंत्र काढावे लागेल, असे शल्यविशारदांनी सांगितले आणि तारीखही दिली. तोपर्यंत बोलायला हरकत नव्हती, मात्र जपून.

"बादलीच्या तळाशी राहिलेलं पाणी समजा," ते म्हणाले. "एकदम ओतून टाकू नका."

"डॉक्टर, तुम्ही बादलीच नेणार आहात," थोरला म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मापाड्याने, विनोद बरोबर होता, अशी मनाशी नोंद केली. गेली कित्येक वर्षे तो थोरल्याच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसून हीच नोंद करीत आला होता. थोरल्याची ती जुनी सल होती. "सभागृहंच्या सभागृहं हलवली मी," तो वहिनीला सांगे, "आणि घरची एक खुर्ची काही हलेना. हा आधी तपासतो, मग हसायचं की नाही ते ठरवतो, आणि तोवर लोक घरी गेलेले असतात."

डॉक्टरांकडून परतताना मापाड्याच्या ध्यानात आले, की आवाजावर जगलेल्या या माणसाच्या आवाजाची एकही धड नोंद घरात नाही. जुन्या फिती होत्या. पण त्या त्याने जोडीदाराबरोबर केलेल्या कार्यक्रमांच्या होत्या आणि त्यांत श्रोत्यांच्या हशाखाली निम्मे शब्द बुडाले होते. शास्त्रीयदृष्ट्या त्या हशाच्या नोंदी होत्या, आवाजाच्या नव्हत्या. तेव्हा शांत खोली, चांगला रेकॉर्डर, आणि समोर असा माणूस, की ज्याच्याशी थोरला मनापासून बोलेल. असा माणूस जगात एकच होता आणि तो नेमका जगात कुठे आहे, हे सांगणे अवघड असे.

त्याला घरात सगळे पाहुणा म्हणत. एके काळी तो आणि थोरला जोडीने रंगमंचावर उभे राहत. वाक्य पाहुण्याने सुरू करायचे आणि थोरल्याने संपवायचे, अशी त्यांची वाटणी होती. त्या काळच्या एका मंत्र्यांवर त्यांनी दोनच वाक्यांचा विनोद केला होता. पाहुणा म्हणायचा, "साहेबांनी एका पुलाचं तीनदा उद्घाटन केलं." आणि थोरला म्हणायचा, "तिसऱ्या वेळी तर पूलसुद्धा हजर होता."

या दोन वाक्यांवरून पुढे जे व्हायचे ते झाले. सभागृहे मिळेनाशी झाली, खुर्च्या मोडल्या गेल्या, आणि एके सकाळी पाहुण्याने दोघांच्या वतीने जाहीर माफी मागितली. थोरल्याला त्याने विचारले नव्हते. त्या माफीनंतर पाहुण्यासाठी सगळी दारे उघडली. त्यांतली काही परदेशांत उघडत होती. आज तो जगभर हिंडून कार्यक्रम करतो आणि विमानतळावर लोक त्याच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतात. थोरला इथेच राहिला. शाळांच्या संमेलनांत, निवृत्तीच्या समारंभांत तो एकटाच दोन्ही वाक्ये म्हणत राहिला. दोघे त्यानंतर एकमेकांशी बोलले नव्हते.

मापाड्याने पाहुण्याला फोन केला. भावना आणि निष्कर्ष वगळून केवळ परिस्थिती सांगितली. मग पाहुणा म्हणाला, "येतो."

"घरगुती आहे हं. चारच माणसं," मापाड्याने बजावले.

त्याने बैठकीच्या खोलीत खिडक्यांना जाड पांघरुणे लावली, भिंतीवरचे घड्याळ काढून स्वयंपाकघरात नेले आणि आवाजाची चाचणी घ्यायला थोरल्याला रेकॉर्डरसमोर बसवले.

"काहीही बोल," तो म्हणाला.

"काहीही कसं बोलू? इतकी वर्षं बोललो, त्याचं काय झालं ते पाहतोयस ना?"

"यंत्राच्या काट्यासाठी बोलायचंय, दादा. अर्थाची गरज नाही."

मग थोरला काट्यासाठी बोलला. मापाडी लहानपणी पावसाच्या थेंबांचे टपोरेपण मोजायला पिठाची परात घेऊन अंगणात उभा राहिला आणि आईने त्याला त्याच परातीने कसे मारले, हे त्याने सांगितले. वहिनी पहिल्यांदा घरी आली तेव्हा मापाड्याने तिला नमस्कार करण्याआधी 'तुमचा आवाज मधल्या पट्टीतला आहे' असे सांगितल्याचेही त्याने सांगितले. वहिनी दारात उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मापाडी काट्याकडे पाहत होता. काटा उत्तम चालत होता.

समाधान झाल्यावर त्याने ती फीत पुसून टाकली. प्रयोगशाळेचा तो नियमच होता: चाचणीची नोंद मागे ठेवायची नाही, नाहीतर पुढेमागे कुणीतरी तिलाच निष्कर्ष समजून बसते. या नियमाने त्याला नोकरीत कधी दगा दिला नव्हता.

खिडक्यांच्या पांघरुणांवरून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना संशय आला. त्या विचारपूस करायला वर आल्या आणि वहिनीने सगळे सांगितले. दातांच्या डॉक्टरांना सबंध दिवस उघड्या तोंडाची माणसे भेटतात, पण त्यांतले एकही बोलू शकत नाही. त्यामुळे बोलायचे सारे काम त्यांनाच करावे लागते आणि ती सवय घरीही सुटत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला गाठ, तारीख आणि पाहुणा या तिन्ही गोष्टी कळल्या.

सल्ले येऊ लागले. "सकाळ-संध्याकाळ मधाचं बोट," बाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचा आवाज त्याने सुटला होता."

"किती जणांवर पाहिलंत?" मापाड्याने विचारले.

"सासरे एकच असतात हो."

"आता कसे आहेत?"

"आता ते नाहीत. पण शेवटपर्यंत खणखणीत बोलत होते."

विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी कुजबुजत बोलायचा सल्ला दिला. कुजबुजण्याने घशावर जास्त ताण येतो, असे मापाड्याने त्यांना सप्रमाण पटवून दिले. हे पटवण्याच्या भरात थोरल्याला मध्ये तीनदा कुजबुजून दाखवावे लागले.

मग इमारतीचे सचिव आले. ते उभ्यानेच बोलत. बसले तर सभा सुरू झाली असे त्यांना वाटे.

"एवढा मोठा माणूस आपल्या इमारतीत येतोय, आणि तुम्ही त्याला पांघरुणं लावलेल्या खोलीत बसवणार? खालचं सभागृह काय खुर्च्या ठेवायला बांधलंय?"

वस्तुस्थिती तशीच होती, पण मापाड्याने तो मुद्दा सोडून दिला. "खासगी गप्पा आहेत," तो म्हणाला.

"मग लोक खासगीच ऐकतील."

मापाड्याने थोरल्याकडे पाहिले. अशा वेळी थोरल्याची उजवी भुवई वर जात असे आणि तिच्यामागून वाक्य येत असे. निम्मे लोक भुवईलाच हसू लागत. भुवई वर गेली. "मापाड्या," थोरला म्हणाला, "तुला नोंद हवीय. मला माणसं हवीत. घरात चौघांसमोर बोललो तर तो निरोप समारंभ होईल. लोक असले की कार्यक्रम होतो. एकदा हसले की मग तुझे डॉक्टर बादली नेऊ देत नाहीतर विहीर."

दोन दिवसांनी दारावर फलक लागला: 'प्रसिद्धी, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि जगप्रवास: दोन विनोदवीरांचा मुक्त संवाद'. विषय सचिवांनी ठरवले होते. विषयाशिवाय संवाद म्हणजे नुसते बोलणे, असे त्यांचे मत होते.

सभागृह म्हटले की मागच्या रांगेपर्यंत आवाज जायला हवा, आणि थोरल्याचा आवाज आता टेबलाच्या पलीकडेही जेमतेम जात होता. म्हणजे ध्वनिक्षेपक आला. इमारतीच्या मागेच इस्पितळ होते, ज्या इस्पितळात थोरल्याला जायचे होते तेच. म्हणजे परवानगी आली. इस्पितळालगत ध्वनिक्षेपक वापरण्याबाबतचा नियम कुणी लिहिला होता, हे मापाड्याला पाहावे लागले नाही. त्याचा मसुदा त्याने स्वतः केला होता. तो उत्तम मसुदा होता. शेवटच्या कलमात केवळ नीटनेटकेपणासाठी त्याने लिहिले होते: 'अर्जदाराने इतर सर्व संबंधित परवानग्या आधी सादर कराव्यात.'

"इतर म्हणजे कोणत्या?" त्याने खिडकीतल्या कारकुनाला विचारले.

"ते नियमात नाही. पण सर्व म्हटलंय. नियम करणाऱ्याने काहीतरी विचार केलाच असेल की," कारकून म्हणाला.

मापाड्याने मान खाली घातली. त्या 'सर्व'चा शोध घेताघेता तो तिसऱ्या मजल्यावर, सार्वजनिक कार्यक्रमांचा मजकूर तपासणाऱ्या विभागात पोचला. बरोबर थोरला होता. घरात गप्प बसून कंटाळा येतो, कचेरीत निदान सगळ्यांच्या बरोबरीने गप्प बसता येईल, असे म्हणून तो हट्टाने आला होता. रेकॉर्डर मात्र मापाड्याने घरी ठेवला होता. सरकारी कचेरीत नोंद करण्यासारखे काही घडत नाही, हे त्याला प्रदीर्घ अनुभवाने ठाऊक होते.

तपासनीस बाईंचे केस पांढरे होते आणि टेबल अतिशय स्वच्छ होते. "मजकूर कुठाय?" त्यांनी विचारले.

"मजकूर नाही. दोघं गप्पा मारणार आहेत," मापाडी म्हणाला.

"मग मी मंजूर काय करू? गप्प बसणं?"

"तेही करून ठेवा," थोरला म्हणाला. "पुढच्या आठवड्यापासून लागणारच आहे मला."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. त्यांनी त्याला ओळखले की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. तो चेहरा अनेक वर्षे काही न कळू देण्याच्या कामी वापरलेला होता. "लिहिलेलं नसेल तर बोलून दाखवा," त्या म्हणाल्या. "आम्ही ऐकून घेतो. तशी तरतूद आहे."

"संपूर्ण?" मापाड्याने विचारले. "डॉक्टरांनी जपून…"

"अर्धवट ऐकून मंजुरी देता येत नाही."

थोरला उठला. त्याने खुर्ची मागे सरकवली, पाण्याचा घोट घेतला आणि त्या पंख्याखाली, गठ्ठे बांधलेल्या कपाटांसमोर उभे राहून बोलायला सुरुवात केली. पाहुणा तेव्हा दोन खंडांच्या मधे कुठेतरी विमानात होता, म्हणून त्याने पाहुण्याचा आवाजही स्वतःच काढला, नाकातून किंचित वर जाणारा. प्रसिद्धी म्हणजे काय, असे त्याने पाहुण्याच्या आवाजात विचारले आणि स्वतःच्या आवाजात सांगितले, की अनोळखी माणसे आपल्याला थांबवतात आणि आपण जोडीतला तो दुसरा असल्याची खात्री करून घेतात, ती प्रसिद्धी. खिडकीवरचा कारकून कधी वर आला ते कळले नाही. शेजारच्या विभागातली माणसे दारात गोळा झाली. कुणी हसत नव्हते. कामाची वेळ होती आणि बाई समोर होत्या. पण पाठीमागच्या दोन गृहस्थांनी एकमेकांचे दंड धरले होते आणि पाणी आणून देणारा शिपाई कपाटाकडे तोंड करून उभा राहिला होता. त्याची पाठ हलत होती.

थोरला त्या दिवशी जसा बोलला, तसा मापाड्याने त्याला कधी ऐकला नव्हता. निवृत्त माणसाला पश्चात्ताप करायला भरपूर वेळ असतो, आणि त्यातला बराच वेळ पुढे त्या एका दुपारने घेतला.

शेवटी पूल आला. दोन्ही वाक्ये झाली. थोरला खाली बसला.

बाईंनी टाक खाली ठेवला. "बाकी सगळं चालेल. पुलाचं पहिलं वाक्य मंजूर. उद्घाटन तीनदा झालं होतं, मी तेव्हा त्याच खात्यात होते. दुसरं वाक्य चालणार नाही."

"पूल तिसऱ्या वेळी हजर होता, हीसुद्धा वस्तुस्थितीच आहे," मापाडी म्हणाला.

"आहे. पण त्यातून पहिल्या दोन वेळी तो नव्हता, असं निघतं. निघतं ते मत. त्यासाठी वेगळा अर्ज करा, तो वर जातो. महिनाभर धरून चला."

थोरल्याची भुवई वर गेली. सगळे थांबले, दारातली माणसेही थांबली. त्याने तोंड उघडले, आणि भुवईमागून काहीच आले नाही. नुसती हवा आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग त्याने हात हलवून, राहू द्या, अशी खूण केली आणि मंजुरीच्या कागदाकडे बोट दाखवले.

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. "विश्रांती घ्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत येईल आवाज."

तो संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. डॉक्टरीणबाईंचा मध आला, विमेवाल्यांनी वाफेचे भांडे आणले, मापाड्याने कशालाही 'किती जणांवर' म्हणून विचारले नाही. त्याने स्वतः मधाचे बोट थोरल्याला लावले. थोरल्याने ते चाटून बघितले आणि तोंड वाकडे केले, आणि त्या तोंड वाकडे करण्यातही इतकी नेमकी वेळ साधली होती की वहिनी हसता हसता आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"भावजी, रद्द करा ना ते सगळं," ती मग म्हणाली. "नाहीच बोलता आलं तर लोकांसमोर कशाला बसवायचं त्यांना?"

मापाड्याने थोरल्याला विचारले. थोरल्याने आपला कोट इस्त्रीला टाकायला सांगितले.

पाहुणा आला तो थेट विमानतळावरून आणि एकटाच. त्याचे सामान तिसऱ्याच देशात गेले होते. प्रवासात चुरगळलेल्या सदऱ्यावर त्याने सचिवांचा कोट घातला, ज्याच्या बाह्या त्याच्या कोपराच्या जरा पुढे संपत होत्या. रंगमंचामागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी थोरला बसला होता. पाहुणा दारात थांबला.

"म्हातारा झालास," तो म्हणाला.

थोरल्याने त्याच्या बाह्यांकडे बोट दाखवले.

"वाढतोय मी अजून," पाहुणा म्हणाला आणि त्याच्यासमोर बसला. "भांडायची तयारी करून आलो होतो रे. विमानात दोन्ही बाजू पाठ केल्या. तू मला लाचार म्हणणार होतास. मी म्हणणार होतो, मला लेकरं होती. तू म्हणणार होतास, विचारायचं तरी होतंस." तो थांबला. "विचारायचं होतं मी. एवढंच उरलं होतं शेवटी, सगळं गाळून."

थोरल्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मापाडी बॅटरी तपासायच्या निमित्ताने बाहेर गेला.

सभागृह भरले होते, पण ते चुकीच्या तऱ्हेने भरले होते. डॉक्टरीणबाईंनी कुणाला काही सांगायचे शिल्लक ठेवले नव्हते. माणसे विनोद ऐकायला नव्हे, भेटून जायला आल्यासारखी हळू चालत होती, खुर्च्या उचलून ठेवत होती. तपासनीस बाई पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मंजुरीची प्रत होती. मापाडी मधोमध बसला. सचिवांनी आणलेल्या ध्वनिक्षेपकावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून रेकॉर्डर त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला, काटा डोळ्यांसमोर ठेवून. आजूबाजूच्यांना त्याने ताकीद दिली, "यंत्राजवळ खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं असेल तर तोंड मागे वळवून."

पाहुणा बोलू लागला. त्याने जगप्रवासाबद्दल सांगितले: प्रत्येक देशात हॉटेलातला नळ वेगळ्या दिशेने फिरतो, आणि गरम पाणी कुठून येते ते कळेपर्यंत कार्यक्रम संपून पुढचा देश येतो. "एका गावी बोलायला पूर्ण मोकळीक होती," तो म्हणाला. "काहीही बोला. मी बोललो. कुणी वर पाहिलं नाही, जेवत होते सगळे. दुसऱ्या गावी प्रत्येक शब्दाला बंदी. तिथे मी नुसता खाकरलो, तर चार माणसांनी लिहून घेतलं. इतकं लक्ष देऊन मला कुणी कधीच ऐकलं नाही."

लोक हसले, पण थोरल्याकडे पाहून, आणि लगेच थांबले. थोरला शेजारच्या खुर्चीत ताठ बसला होता. कीव माणसाला कुठे लागते हे मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही, पण त्याच्या बसण्यावरून ते दिसत होते. मापाड्याच्या काट्यावर नुसती खुर्च्यांची कुरकुर उमटत होती.

"आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य," सचिवांनी खालून आठवण केली.

पाहुण्याने बाह्या ओढल्या. "मी माफी मागितलेला माणूस आहे. या विषयावर बोलायचा हक्क याचा," तो थोरल्याकडे बघून म्हणाला. "माझ्या वाट्याला नेहमी पहिलं वाक्य असायचं. ते मी त्या माफीनंतर जगात कुठेही म्हटलेलं नाही. आज म्हणतो." त्याने ध्वनिक्षेपक जवळ घेतला. "साहेबांनी एका पुलाचं तीनदा उद्घाटन केलं."

आणि तो थांबला.

जुन्या श्रोत्यांना पुढचे वाक्य पाठ होते. सभागृहाने श्वास धरला. तपासनीस बाईंनी हातातली प्रत उलटी करून ठेवली. थोरला पुढे वाकला. त्याची भुवई वर गेली, आणि तळाशी राहिलेले जे काही होते ते सगळे गोळा करून, भांडे खरवडल्यासारख्या आवाजात तो म्हणाला, "दुसरं वाक्य… ऑपरेशननंतर."

सभागृह सुन्न झाले. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला. आणि त्या शांततेत, कुठलीही तपासणी न करता, मापाडी हसला. 'ऑप' ऐकल्याबरोबर हसला. ते हसणे त्याच्या पोटातून वर आले, त्याला आवरेना, चष्मा घसरला, मान मागे वळवायचे राहून गेले. एकटाच माणूस, पहिल्या रांगेत, मांडीवरच्या यंत्रावर ओणवा होऊन हसत होता. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले. मग पाहुणा हसला, मग मागची रांग, मग सगळे सभागृह हसू लागले. तपासनीस बाई हसताना अतिशय वेगळ्या दिसत होत्या. मापाडी तोवर रडत होता, पण दोन्ही आवाज जवळजवळ सारखे असतात. फरक सांगायला यंत्र लागते.

थोरला नंतर बोलला नाही. बोलणार नव्हताच.

शस्त्रक्रिया नीट झाली, असे डॉक्टर म्हणाले. पाहुणा तोपर्यंत थांबला, मग त्याला जावे लागले. फीत घेऊन मापाडी जुन्या प्रयोगशाळेत गेला. पाहुण्याचे वाक्य स्वच्छ उमटले होते. त्यानंतर शांतता, एक श्वास, 'दुसरं वाक्य' हे दोन शब्द फार दूरवरून, आणि मग हसणे.

"खालचे शब्द वेगळे काढता येतील का?" त्याने त्याच्या जागी आलेल्या तरुण अधिकाऱ्याला विचारले.

"नाही, सर. वर जो माणूस हसतोय ना, तो यंत्राच्या फारच जवळ आहे. त्याला कुणी सांगायला हवं होतं. कोण आहे हा?"

"निरीक्षक," मापाडी म्हणाला.

घरी येऊन त्याने वहिनीला आणि थोरल्याला सांगून टाकले. चाचणीची फीत पुसली हे सांगितले, कचेरीत यंत्र नेले नव्हते हे सांगितले, आणि जे उरले ते कशाखाली गेले तेही सांगितले. वहिनीने त्याच्या हातातून यंत्र घेऊन थोरल्यासमोर ठेवले.

थोरल्याने गळ्याच्या पट्टीवरून हात फिरवला आणि, लाव, अशी खूण केली. मापाड्याने फीत लावली. पूल आला, शांतता आली, श्वास आला, दूरचे दोन शब्द आले आणि हसणे आले. थोरल्याने, पुन्हा, अशी खूण केली. तो स्वतःच्या शब्दांशी कान नेत नव्हता. ते येताना तो नुसता वाट पाहत होता, आणि हसणे सुरू झाले की डोळे मिटून घेत होता. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्याने डोळे उघडले, मापाड्याकडे बोट दाखवले आणि मूठ उघडून हात हवेत फिरवला: किती?

मापाड्याने काट्याकडे पाहिले. "मोजता येत नाही, दादा. काटा टोकाला लागलाय."

थोरल्याची भुवई वर गेली. सवयीने मापाडी मागून येणाऱ्या वाक्यासाठी थांबला. वहिनीही थांबली.

मग मापाड्याने फीत पुन्हा मागे घेतली.